रखमाबाईंना विचारणारं कुणीतरी होतं

आपल्या लश्करातल्या मराठी घरांत जुन्या गोष्टी काही कमी सांगत नाहीत. शिंद्यांच्या, सरदारांच्या, गाण्याच्या. पण लहानपणी घरातल्याच माणसाने एखाद्या मुलीला त्रास दिला असेल, तर ती गोष्ट कुणी काढत नाही. मुलगी सासरी जाते, भला नवरा जवळ आला तरी दचकते, आणि आपण म्हणतो, हिचा स्वभावच संशयी!

अशा वेळी मला डॉ. रखमाबाई आठवतात. त्यांचा खटला आपण शाळेपासून ऐकतो. मला त्यांच्या घराकडे पाहावंसं वाटतं.

त्यांचा जन्म मुंबईत १८६४ चा. आई जयंतीबाई चौदाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी विधवा झालेल्या. सुतार समाजात पुनर्विवाह चालत असे, म्हणून पुढे त्यांचं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालं. रखमाबाईंनाही अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी बोहल्यावर चढवलंच. त्यातून ते घरही सुटलं नाही. पण सावत्र वडिलांनी एक धरून ठेवलं: पोर लहान आहे, इतक्यात नांदायला पाठवायची नाही. ती घरीच राहिली, वाचायला शिकली.

१८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने, १८८७ चा उलटा: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

ज्यांना असं घर मिळालं नाही त्यांचं काय? १८९० मध्ये कलकत्त्याची फुलमणी, जेमतेम दहा-अकरा वर्षांची, नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. कायद्याने दहा वर्षांपुढे तो बलात्कारच नव्हता. १८९१ मध्ये वय बारा केलं, तेही ब्रिटिश मुलखापुरतं.

रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घातलं. आमच्या भिशीत एका काकूंनी विचारलं, ‘मग पुन्हा लग्न का नाही केलं हो?’ का करावं? अनोळखी बायका बाळंतपणाला जिच्या हाती जीव सोपवतात, तिची माणसांशी नाती नव्हती असं कसं म्हणायचं?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. क्षमावाणीच्या दिवशी सगळे हात जोडतात, आणि त्या मुलीलाही सांगतात, काकांना क्षमा कर, विषय संपव. क्षमा मागायची ती काकांनी. आणि द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तिचं तिने ठरवायचं. घाईने वदवून घेतलेल्या क्षमेने उलट तिला एवढंच कळतं की इथेही आपलं कुणी ऐकणार नाही. नवऱ्यानेही ‘माझ्यावर विश्वास ठेव’ असं रोज म्हणण्यापेक्षा ती ‘नको’ म्हणाली की थांबावं. दहादा थांबावं. अकराव्यांदा कदाचित ती स्वतः बोलेल, कदाचित नाही.

बोललीच, तर ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हे मात्र विचारू नये. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. बालविवाहावरची त्यांची पत्रं टाइम्स ऑफ इंडियात आली १८८५ मध्ये, विशीत. खाली सही होती, ‘एक हिंदू स्त्री’.