साक्ष आणि टाळी : अमेरिकेतील स्लॅम कविता व तिचा श्रोता

कवितेचा इतिहास लिहिताना कवीचा विचार होतो, त्याच्या काळाचा होतो. श्रोत्याचा मात्र क्वचितच होतो. लिखित कवितेपुरते हे चालून जाईल. परंतु जी कविता समुदायासमोर उभे राहून म्हटली जाते, तिच्यात श्रोता हा अर्ध्या वाट्याचा भागीदार असतो. त्याचा हुंकार, त्याचे मौन, त्याची टाळी, त्याचा निषेध या सर्वांचा कवितेच्या घडणीवर परिणाम होतो. विशेषतः ज्या कवितेचा विषय पोलिसी सत्ता आणि तिने केलेला अन्याय हा आहे, तिच्या बाबतीत 'ऐकणारा कोण होता आणि ऐकून त्याने काय केले' हा प्रश्न केवळ रसास्वादाचा राहत नाही. तो न्यायाचा होतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मौखिक कवितेच्या आणि तिच्यातून बळ घेतलेल्या 'स्लॅम' कवितेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

न्यायालयाबाहेरची साक्ष

गुलामगिरीच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरली जात नसे. मारहाण झाली, कुटुंबाची ताटातूट झाली, खून झाला, तरी पाहणाऱ्या काळ्या माणसाचे शब्द कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. हे शब्द मग प्रार्थनागृहात उच्चारले जाऊ लागले. तेथे एखादी स्त्री उभी राहून आपली कहाणी सांगे आणि भोवतालचा समुदाय प्रत्येक वाक्याला प्रतिसाद देई. प्रवचनकाराने हाक द्यावी आणि जमावाने ओ द्यावी, ही पद्धती आफ्रिकेतून आलेल्या गायनपरंपरेशी जोडलेली होती. अशा कथनाला कृष्णवर्णीय चर्चमध्ये 'साक्ष देणे' असेच म्हणतात. न्यायालयातील आणि प्रार्थनागृहातील या क्रियांसाठी शब्द एकच असावा, यात मोठा अर्थ आहे. ज्यांची साक्ष एका दालनात नाकारली गेली, त्यांनी ती दुसऱ्या दालनात दिली. तेथील श्रोत्याचा हुंकार हा त्या साक्षीचा स्वीकार होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मौखिक कवितेचा अर्थ लागत नाही. १९ मे १९६८ रोजी, म्हणजे माल्कम एक्स यांच्या जन्मदिनी, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका उद्यानात ढोलाच्या साथीने काही तरुण कवी उभे राहिले. 'लास्ट पोएट्स' या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. त्यांच्यासमोरचा जमाव काव्यरसिक म्हणून जमलेला नव्हता. तो वस्तीतला जमाव होता आणि कवितेत जे सांगितले जात होते ते त्याने रस्त्यावर भोगलेले होते. कवितेतून त्याला नवी माहिती मिळत नव्हती. आपले भोगणे चारचौघांत मोठ्याने उच्चारता येते, ही जाणीव मात्र मिळत होती.

राज्यसंस्था हाही श्रोताच

या कवितेला आणखी एक श्रोता होता. जुलै १९६७ मध्ये न्यूअर्क शहरात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकास बेदम मारहाण केली. त्यातून जो उठाव झाला त्यात २६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसांत कवी लिरॉय जोन्स, म्हणजेच पुढे अमिरी बराका या नावाने विख्यात झालेले नाटककार, यांना पोलिसांनी मारहाण करून शस्त्र बाळगल्याच्या आरोपाखाली अटक केली. जानेवारी १९६८ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी बराकांचीच एक कविता, त्यातील आक्षेपार्ह शब्द गाळून, भर न्यायालयात वाचून दाखविली. कविता कवीच्या विरुद्ध पुरावा ठरली. ती शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. परंतु त्या दिवशी कवितेचा सर्वांत अधिकारसंपन्न श्रोता न्यायासनावर बसलेला होता, ही नोंद इतिहासात राहिली.

दुसरे उदाहरण लॉस एंजलिसमधील वॉट्स वस्तीचे. ऑगस्ट १९६५ मध्ये तेथे एका वाहनचालकाच्या अटकेचे निमित्त होऊन उठाव झाला आणि त्यात ३४ जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच पटकथाकार बड शुल्बर्ग यांनी तेथे लेखनाची कार्यशाळा सुरू केली. त्या वातावरणात 'वॉट्स प्रॉफेट्स' हा कविगट वाढला. १९७३ मध्ये कार्यशाळेचे नाट्यगृह जळून खाक झाले. ही आग आपण लावली, अशी कबुली पुढे एका माणसाने दिली. संघीय गुप्तचर खात्याचा खबऱ्या म्हणून तो त्या संस्थेत वावरत होता. म्हणजे तालमी चालत तेव्हा तोही ऐकत होता.

या दोन घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'कवितेने काय होते?' असे तुच्छतेने विचारणारे विद्वान पुष्कळ भेटतात. राज्यसंस्थेने मात्र हा प्रश्न कधी विचारला नाही. तिने ही कविता लक्षपूर्वक ऐकली आणि आपल्या परीने उत्तर दिले.

बारा ज्यूरी आणि पाच परीक्षक

एप्रिल १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्लिफर्ड ग्लोव्हर हा दहा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मारला गेला. १९७४ मध्ये अकरा गोरे पुरुष आणि एक कृष्णवर्णीय स्त्री अशा ज्यूरीने त्या पोलिसाची निर्दोष मुक्तता केली. कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी हा निकाल मोटार चालवीत असताना ऐकला. संतापाने त्यांना पुढे जाता येईना. त्यांनी मोटार बाजूला थांबविली आणि वहीत लिहावयास आरंभ केला. 'पॉवर' ही त्यांची कविता अशी जन्मास आली. त्या कवितेचा रोख गोळी झाडणाऱ्यावर आहे, तसाच त्या बारा जणांवरही आहे. विशेषतः त्या एकट्या स्त्रीवर, जिने ऐकले आणि अखेर मान तुकविली. ऐकूनही साक्ष न मानणारा श्रोता हा या कवितेचा खरा विषय होय.

पुढच्या काळात हाच अनुभव पुनःपुन्हा आला. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग यांना झालेली मारहाण चित्रफितीवर साऱ्या जगाने पाहिली; तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी आरोपी पोलिसांपैकी कोणालाही मारहाणीबद्दल दोषी ठरविण्यात आले नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये गिनी देशातून आलेल्या अमादू दियालो या निःशस्त्र तरुणावर न्यूयॉर्कमध्ये चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. २००० साली चौघेही निर्दोष सुटले. जेव्हा जेव्हा न्यायालयातील बारा जणांनी साक्ष नाकारली, तेव्हा तेव्हा ती कवितेच्या दालनात आली.

हे दालन मधल्या काळात बदलले होते. शिकागोत बांधकामावर काम करणारे कवी मार्क स्मिथ यांना विद्यापीठीय काव्यवाचनातील निर्जीवपणाचा उबग आला होता. जुलै १९८६ मध्ये त्यांनी 'ग्रीन मिल' या मद्यगृहात काव्यस्पर्धेचा प्रयोग सुरू केला आणि त्याला 'स्लॅम' म्हणजे तडाखा असे नाव दिले. नियम साधे होते. कवीने स्वतःची कविता सुमारे तीन मिनिटांत म्हणावी. वाद्य, वेशभूषा वा साहित्य वापरू नये. श्रोत्यांतूनच निवडलेल्या पाच परीक्षकांनी शून्य ते दहा गुण द्यावेत. सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची बेरीज करावी. परीक्षकांना काव्यशास्त्राचे ज्ञान असावे अशी अट नव्हती. उलट ते नसलेलेच बरे, असा दंडक होता. १९९० साली सॅन फ्रान्सिस्को येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकन कवींनी सत्तरीच्या दशकात स्थापन केलेल्या 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे'ने हा प्रकार आपलासा केला, आणि वस्तीतील साक्षीची जुनी परंपरा व स्पर्धेचा नवा साचा तेथे एकत्र आले.

या सभागृहात श्रोत्यास गप्प बसण्याची मुभा जवळजवळ नाहीच. ग्रीन मिलमध्ये कविता न आवडल्यास श्रोते चुटक्या वाजवीत. तरीही कवी थांबला नाही तर पाय आपटीत. अन्यत्र याच चुटक्या पसंतीची खूण ठरल्या. गुण कमी पडले तर श्रोते परीक्षकांचीच हुर्यो उडवितात. आरंभी स्पर्धेबाहेरचा एक कवी कविता म्हणतो, जेणेकरून परीक्षकांना गुणांचा अंदाज यावा. त्याला गमतीने 'बळीचा कवी' म्हणतात. बारा ज्यूरींचा निकाल अंतिम असतो. या पाच परीक्षकांचा निकाल मात्र सारे सभागृह तत्क्षणी आव्हानित करू शकते. लोकशाहीचा हा आनंद तेथील श्रोत्याला स्लॅमने निश्चितपणे दिला.

टाळीचे संकट

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मृत मुलाच्या आठवणीवरील कवितेला ९.४ गुण द्यावेत की ९.७? जो श्रोता पूर्वी साक्ष स्वीकारीत होता, तो आता साक्षीची किंमत ठरवू लागला.

२०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत जेव्हॉन जॉन्सन यांनी सादर केलेली कविता पुढे चित्रफितीद्वारे दूरवर पोहोचली. पोलिसांची मोटार दिसताच आपला चार वर्षांचा भाचा आसनाखाली लपू पाहतो, एवढाच तिच्यातील प्रसंग. हे भय त्याला कोणी शिकविले आणि त्याला आता काय सांगावे, हा तिच्यातील पेच. त्यानंतर वर्षभरात, जुलै २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर आणि ऑगस्टमध्ये फर्ग्युसन येथे मायकेल ब्राऊन पोलिसांच्या हातून मारले गेले. त्यानंतर या विषयावरील कवितांना स्लॅमच्या मंचावर मोठे स्थान मिळाले, आणि संकटही त्याबरोबरच वाढले.

अभ्यासक सुसान सोमर्स-विलेट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संकटाची चिकित्सा केली आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : राष्ट्रीय पातळीवरील स्लॅमचा श्रोता बहुतांशी गोरा व मध्यमवर्गीय असतो, आणि तो पीडितांच्या 'अस्सलपणा'ला पारितोषिक देतो. काळा कवी काळेपणाच्या वेदनेवर बोलला की गुण वाढतात. तोच कवी झाडाविषयी बोलला की श्रोता निराश होतो. टाळी देणाऱ्या गोऱ्या श्रोत्यास आपण अन्यायकर्त्यांपैकी नाही, असे समाधानही त्या टाळीबरोबर मिळते. जॉन्सन यांनीही आपल्या २०१७ मधील ग्रंथात स्लॅमच्या सभागृहास निर्दोष आश्रयस्थान मानण्याविरुद्ध सावध केले आहे.

दुसऱ्या बाजूने समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांनी २००० साली स्लॅम हा कलेचा अंत आहे, असा निर्वाळा दिला. हा आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याला श्रोत्याचा आवाजच सलतो. ज्यांना शतकानुशतके न्यायालयात, विद्यापीठात आणि वृत्तपत्रात बोलू दिले नाही, त्यांच्या सभेत गलका फार होतो, ही तक्रार मान्य करता येत नाही. सोमर्स-विलेट यांचा आक्षेप श्रोत्याने अधिक जबाबदार व्हावे यासाठी आहे. ब्लूम यांचा आक्षेप श्रोत्याने गप्प राहावे यासाठी आहे. दोहोंतील फरक आपण ओळखला पाहिजे.

आपल्या इतिहासाच्या प्रकाशात

हा फरक आपल्या वाचकांस परका वाटू नये. १९६६ साली ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे पहिले कार्य वस्तीतील पोलिसांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याचे होते; त्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला आणि तिचे अग्रणी कवी होते. त्याही आधी भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी श्रोत्यास आसनावरून उठवून चळवळीत आणले होते. जलशाला पाच परीक्षक नव्हते. जलसा ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी कसा वागला, हीच त्याची परीक्षा होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. शाहिराच्या आवाजावर टाळी वाजविणारे आपण सारे होतो. त्याच्या मौनाला उत्तर देणे आपल्याला जमले का, हा प्रश्न अद्याप बाकी आहे.

स्लॅमची राष्ट्रीय स्पर्धा भरविणारी संस्था २०१८ साली बंद पडली. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉईड यांची पोलिसाने हत्या केल्यावर मात्र कविता पुन्हा रस्त्यावर, गुणपत्रिकेविना, म्हटली गेली. या वेळी न्यायालयातील बारा जणांनी साक्ष मानली. एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. रस्त्यावर उभ्या राहून पाहणाऱ्या सामान्य माणसांनी, त्यांत एका सतरा वर्षांच्या मुलीने, केलेले चित्रण आणि न्यायालयात दिलेली साक्ष त्या निकालास कारणीभूत झाली. हा निकाल कवितेने मिळविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पाहिलेले सांगितलेच पाहिजे आणि सांगितलेले ऐकलेच पाहिजे, ही शिकवण प्रार्थनागृहापासून मद्यगृहाच्या मंचापर्यंत या कवितेने दीडशेहून अधिक वर्षे जिवंत ठेवली, हे निर्विवाद आहे. तीन मिनिटांची कविता संपते, टाळी विरते आणि सभागृहाचे दिवे लागतात. श्रोत्याचे काम त्यानंतर सुरू होते.