किल्लारीनंतरची खरेदी

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. अनेकांचा जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. पुढे जागतिक बँकेच्या कर्जावर पुनर्वसन उभे राहिले, तेव्हा प्रश्न नुसता पैशाचा नव्हता; सिमेंट-सळई कोणी आणायची आणि ती खराब निघाली तर कोणी भोगायचे, हा होता. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी बांधताना कंत्राटदार आणि संस्था पुढे आल्या. याउलट दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या घरांत, आणि ती लाखांच्या घरात होती, खरेदी घरमालकाच्याच हाती आली. पैसे बँकेत, हप्त्यांनी. काम पाहून पुढचा हप्ता.

यावर आक्षेप सरळ आहे: एकटा शेतकरी दहा पोती सिमेंट घेतो तेव्हा त्याला घाऊक भाव कुठून मिळणार? मान्य. भाव थोडा चढा पडतोच. पण एका मोठ्या कंत्राटात माल निकृष्ट निघाला की अख्खे गाव धोक्यात येते. इथे चूक एका घरापुरती राहते, आणि ज्याला त्या छताखाली निजायचे आहे तो गोणी ओली की कोरडी हे स्वतः हात लावून बघतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मालकाला सळईची बांधणी कळत नाही. म्हणूनच कनिष्ठ अभियंत्यांची तपासणी आणि गावकरी आणि प्रशासन यांच्यातला दुवा असलेल्या गावोगावच्या ‘संवाद साहाय्यक’ महिला या व्यवस्थेला अपरिहार्य होत्या. त्यांच्याविना नुसते पैसे वाटणे म्हणजे जोखीम गरिबाच्या गळ्यात मारणे ठरले असते. आजच्या घरकुल योजनांनी हप्त्यांची पद्धत उचलली, तपासणीकडेही तितकेच लक्ष दिले पाहिजे.