शब्दकोडं, कोश आणि आपलं अक्षर

मंडळी, पेपरातलं शब्दकोडं आपण डोकं खाजवून सोडवतो. कॉम्प्युटरला लागते शब्दांच्या यादीची एक फाइल आणि पाच-सात ओळींचा प्रोग्राम. ‘तीन घरं, मधलं अक्षर म’ एवढं सांगितलं, की तो यादी चाळून कमळ, गमन, नमन असे शब्द पुढे ठेवतो.

पण ‘स्त्री’ला कोड्यात घर एकच लागतं. युनिकोडमध्ये मात्र तिथे सहा चिन्हं आहेत: स, त, र ही तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि एक ईकार. म्हणजे ‘अक्षर’ कशाला म्हणायचं, हे यंत्राला आधी माणसानेच सांगावं लागतं. प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, बरं का!

आणि यादी येते कुठून? १८२९ साली शास्त्रीमंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला; १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द ६०,००० च्या घरात गेले. पुढे १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आला. त्यात वऱ्हाडी शब्दांपुढे ‘व.’ अशी खूण आहे.

ही खूण मला मोलाची वाटते. यादीत नसलेला शब्द यंत्राला सापडत नाही. उद्या फाइल करणाऱ्याने ‘व.’चे शब्द गावंढळ म्हणून गाळले, तर धनजमध्ये रोज बोलला जाणारा शब्द यंत्राच्या लेखी नसेलच. म्हणून आजीच्या तोंडचे शब्द आज लिहून ठेवा. कोडं त्यानंतर सोडवू.