डॅशबोर्डवर एलईडी लावताय? मग बॅटरीचा लाल दिवा सोडून द्या!

ऊस हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात. यातल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये किंवा एमएच ०९ पासिंगच्या एखाद्या जुन्या जीपमध्ये डोकावलं, तर मीटर अंधुक पिवळा दिसतो. काटा कुठे आहे, हे वाकून बघावं लागतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे मीटरमधले जुने बल्ब काढून एलईडी बसवणं. काम तासाभराचं, खर्चही किरकोळ. पण यातला एक बल्ब असा आहे, की तो चुकीचा बदलला तर गाडीची बॅटरी चार्ज होणंच थांबू शकतं.

फरक काय पडतो?

मीटरमधला 12 व्होल्टचा साधा छोटा बल्ब बहुतेकदा 1.2 वॅटचा असतो. म्हणजे तो साधारण 100 मिलिअँपिअर करंट खातो आणि त्यातला बराचसा उष्णतेत घालवतो. वर्षानुवर्षांच्या या उष्णतेने होल्डरचं प्लास्टिक ठिसूळ होतं. त्याच जागी एलईडीला 10 ते 20 मिलिअँपिअर पुरतात.

नुसते आकडे-काटे उजळवणारे बल्ब बिनधास्त बदलता येतात. साधा बल्ब चहूबाजूंनी उजेड देतो, बरेच एलईडी मात्र फक्त समोर. त्यामुळे मीटरवर कुठे झगझगाट तर कुठे अंधार असे ठिपके पडतात. बाजूनेही उजेड देणारे एलईडी मागून घ्यावेत. आणि फार प्रखर नकोत. रात्री आंबा घाट उतरताना डोळ्यांसमोर झगमगणारा मीटर हा अंधुक मीटरपेक्षा जास्त त्रासदायक.

लाल दिव्याची गोष्ट वेगळी

चावी फिरवली की बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. अनेकांना वाटतं, तो फक्त सूचना देतो. पण बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये तो प्रत्यक्ष काम करत असतो.

अल्टरनेटरला (गॅरेजच्या भाषेत डायनामोला) वीज तयार करायला आधी चुंबकत्व लागतं, आणि त्यासाठी सुरुवातीला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो. हा करंट बॅटरीतून निघून या लाल दिव्यातूनच अल्टरनेटरकडे जातो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज सारखा होतो, म्हणून दिवा विझतो.

आता तिथे एलईडी बसवला, की 100 ऐवजी 10-20 मिलिअँपिअरच पुढे जाणार. मग अल्टरनेटर उशिरा जागा होतो, रेस दिल्यावरच चार्जिंग सुरू होतं, कधी होतही नाही. निदान अशा वेळी लाल दिवा पेटलेला दिसतो, ड्रायव्हरला कळतं.

खरा धोका एलईडी उलटा बसल्यावर. एलईडीतून करंट एकाच दिशेने जातो. उलटा बसला तर दिवाही लागत नाही आणि अल्टरनेटरकडेही काही जात नाही. ड्रायव्हरला वाटतं, दिवा विझलाय म्हणजे सगळं ठीक. हेडलाइट मात्र बॅटरीवर चालू असतात, आणि बॅटरी गगनबावड्याच्या रस्त्यावर कुठेतरी मान टाकते. हा मूळ बल्ब उडाला तरी असंच होऊ शकतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

मग करायचं काय?

सगळ्यात सोपं म्हणजे तेवढा एक बल्ब जुन्याच पद्धतीचा ठेवायचा. एलईडीच हवा असेल, तर त्याला समांतर रेझिस्टर जोडावा लागतो. 12 व्होल्टच्या गाडीत मूळ बल्ब 1.2 वॅटचा असेल तर सुमारे 100 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर चालतो. 24 व्होल्टच्या ट्रकला हा आकडा लावू नये. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलेलं बरं.

बाइकवालेही इथे फसतात. काही बाइकमध्ये डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी मीटरवर एकच दिवा असतो. त्या जागी साधा एलईडी लावला की तो एकाच बाजूला लुकलुकतो. बाहेरचे चारही इंडिकेटर एलईडी केले आणि मीटरमधला बल्ब जुनाच राहिला, तर कधी चारही एकदम लुकलुकतात.

काम झाल्यावर मीटर बंद करायच्या आधीच तपासणी करावी. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. एखादा लागला नाही तर तो काढून उलटा फिरवून बसवायचा. मग इंजिन सुरू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावायचा. 13.8 ते 14.5 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर चार्जिंग चालू आहे. 12.5 वरच अडकला, तर आधी तो लाल दिवा बघा.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हा प्रश्नच येत नाही. त्यांचे एलईडी कंपनीतूनच सर्किट बोर्डवर जोडलेले असतात. तिथे बदलायला बल्ब नसतो, आणि वॉरंटीतल्या गाडीचा मीटर उगाच उघडूही नये.