ऑस्कर स्लेटरचें अपील

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते ती आरोपीचें तोंड पाहून तिनें निकाल देऊं नये म्हणून. ही पट्टी सरकली म्हणजे काय होतें, हें स्कॉटलंडमधील एका खटल्यानें दाखवून दिलें.

२१ डिसेंबर १९०८ रोजीं सायंकाळीं ग्लासगो शहरांत मेरियन गिलख्रिस्ट या धनिक वृद्धेचा राहत्या घरीं खून झाला. दासी दहा मिनिटें वर्तमानपत्र आणावयास गेली होती. ती परतली तों एक इसम घरांतून निघून गेला. नाहींसा झाला होता तो हिऱ्यांचा एक ब्रूच. ऑस्कर स्लेटर नांवाच्या जर्मन ज्यूनें हिऱ्यांचा ब्रूच गहाण टाकला होता, आणि खुनानंतर पांच दिवसांनीं तो ‘लुसिटानिया’ बोटीनें अमेरिकेस निघाला. एवढ्यावरून संशय बळावला. वस्तुतः त्याचा ब्रूच खुनाच्या महिनाभर आधींच सावकाराकडे पडला होता! मूळ धागा तुटला, पण संशय सुटला नाहीं. अमेरिकेंतून तो आपण होऊन परतला, हेंहि त्याच्या उपयोगीं पडलें नाहीं.

मे १९०९ मध्यें एडिंबरो येथें खटला चालला. सारी मदार ओळख पटविणाऱ्या साक्षीदारांवर होती. आणि त्यांतील कांहींना स्लेटरचें छायाचित्र आधींच दाखविण्यांत आलें होतें. १५ पंचांपैकीं ९ जणांनीं दोषी, ५ जणांनीं ‘शाबीत नाहीं’ व एकानें निर्दोषी असें मत दिलें. तेथें बहुमत पुरेसें असे. फांशीची शिक्षा झाली. ती अंमलांत येण्यास दोन दिवस उरले असतां तिचें रूपांतर जन्मठेपेंत झालें. वर दाद मागावी, तर स्कॉटलंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालयच नव्हतें.

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांनीं १९१२ मध्यें पुस्तिका लिहून पुराव्यांतील विसंगति दाखविल्या. जॉन ट्रेंच या पोलिस अधिकाऱ्यानें तपासांतील दोष उघड केले; १९१४ मध्यें त्याचीच नोकरी गेली. १९२६ सालीं अपील न्यायालय स्थापन झालें, परंतु जुन्या खटल्यांना तें खुलें नव्हतें. म्हणून १९२७ सालीं पार्लमेंटला निराळा कायदा करावा लागला. त्याच वर्षीं, साडेअठरा वर्षांनीं, स्लेटर तुरुंगाबाहेर आला.

जुलै १९२८ मध्यें त्याची शिक्षा रद्द झाली. साक्षीदार खोटे, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. मूळ न्यायाधीशानें आरोपीच्या बदलौकिकाकडे बोट दाखवून, निर्दोषत्वाच्या गृहीताचा लाभ अशा माणसास इतरांइतका नसतो, अशा आशयाचें पंचांना सांगितलें होतें. ती चूक निर्णायक ठरली. सरकारनें स्लेटरला ६,००० पौंड दिले. गेलेलीं वर्षें मात्र कोणत्याहि खजिन्यांतून परत देतां येण्याजोगीं नव्हतीं. माणूस वाईट असेल. पण तो वाईट आहे, एवढा पुरावा खुनास पुरत नाहीं.