गैरहजर कुळाचा हुकूमनामा

न्यायालयातील दावा दोन रीतींनी संपतो. दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश निवाडा देतो, ही एक रीत. दुसऱ्या रीतीत कोणी तरी तारखेला हजर नसतो, आणि तेवढ्यावरच सारे आटोपते. या दुसऱ्या रीतीचा इतिहास सातारा जिल्ह्याशी फार जवळून निगडित आहे. नीरेच्या दक्षिणेस, पर्जन्यछायेत वसलेले लोणंद आज कांद्याच्या बाजारासाठी आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी प्रसिद्ध आहे. 1875 साली तेथे रेल्वेही नव्हती. अशा गावच्या कुळाला कचेरीची तारीख म्हणजे दूरची पायपीट, वकिलाची फी आणि शेतकामाचा खाडा.

मराठेशाहीत हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत. आपला वाद खोटा ठरला, हे त्याने स्वतः लिहून द्यावयाचे. त्यामुळे तंटे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळत, हे खरे. परंतु हरणारा माणूस समोर तरी असे. इंग्रजी अमलातील 1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ही चाल मोडली. प्रतिवादी आला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या सोयीचा होता. फळ उलटे निघाले. मुदत संपण्याआधी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात जमा होई. समन्स कधी पोहोचे, कधी पोहोचल्याचे नुसते कागदावर दिसे. कुळ गेलेच, तर अंगठा आपलाच आहे, हे नाकारता येत नसे. मग जावे तरी कशाला?

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. त्याच वर्षी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आजच्या सांगलीतील, कोकरूड येथेही सावकाराचे घर लुटले गेले. दंगेखोरांचा मुख्य रोख खते व हुकूमनामे यांवर होता. ते त्यांनी जाळले. अडाण्यांचा उत्पात, असे पुष्कळांनी म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्याला नेमका कोणता कागद बांधतो, हे त्यांना पुरते उमगले होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही एकतर्फी हुकूमनाम्यांकडे बोट दाखविले.

त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याची खरी नवलाई अशी, की न्यायाधीशाने प्रतिवादीला बोलावून त्याची साक्ष घ्यावी. ती अनावश्यक वाटल्यास कारण लिहून ठेवावे. खतावर न थांबता देण्याघेण्याचा मुळापासून हिशेब पाहावा. कर्जापायी कैद बंद झाली. दाव्यापूर्वी समेट करणाऱ्याकडे जाणे आले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकार मात्र स्वस्थ बसले नाहीत. गहाणाऐवजी ते खरेदीखतच लिहून घेऊ लागले.

लूककृत शुभवर्तमानातील विधवेचा दाखला आपण प्रार्थनेतील चिकाटीसाठी ऐकतो. तिच्याकडे ना वकील, ना वशिला. ती केवळ वारंवार हजर राहिली. आपल्या धर्मसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेतही, अडथळा नसताना पक्षकारांनी सहा महिने काहीच हालचाल न केल्यास खटला संपुष्टात येतो. मात्र विवाहासारख्या, व्यक्तीच्या स्थितीसंबंधीच्या प्रकरणांचा निकाल तेथे कधीच कायमचा बंद मानत नाहीत.

आजच्या दिवाणी न्यायालयात वादी गैरहजर राहिल्याने दावा काढून टाकला, तर तो पुन्हा उभा करण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारणही द्यावे लागते. शेतीवाडीच्या जुन्या दाव्यांत याहून अधिक घात होतो तो मृत्यूने. बाप वारला, दावा मुलांना ठाऊक नाही. आणि वारसांची नावे लावण्याचा अर्ज नव्वद दिवसांत न आल्यास त्याच्यापुरता दावा आपोआप गळून पडतो. त्यानंतर तो पुन्हा जिवंत करण्याच्या अर्जाला आणखी साठ दिवस मिळतात. नव्वद दिवस मोजायचे ते मृत्यूच्या तारखेपासून, आणि ती तारीख चर्चच्या दफन-नोंदवहीतही लिहिलेली असते.