खेळांतील वर्णभेद आणि त्याचा जमाखर्च

अमेरिकेंत बेसबॉल हा केवळ खेळ नव्हे, तो मोठा व्यापारहि आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४६ पर्यंत या व्यापाराच्या मोठ्या पेढ्यांत, म्हणजे दोन प्रमुख लीगांच्या संघांत, कृष्णवर्णी खेळाडूस प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम मात्र नव्हता. मालकांचा तो मूक संकेत होता.

या संकेतामागें द्वेष होताच, पण हिशेबहि होता. कृष्णवर्णीयांनीं आपले वेगळे संघ व लीगा उभारल्या. मैदानें मात्र पुष्कळदां गोऱ्या मालकांचीं. १९४६ सालीं मालकांच्या एका समितीनें खासगी अहवालांत नमूद केलें, कीं न्यूयॉर्कच्या यांकी मंडळीला अशा सामन्यांपासून वर्षाकाठीं सुमारें एक लाख डॉलर सुटतात. वर्णभेद मोडला तर हें भाडें बुडेल, ही धास्ती त्यांत उघड दिसते.

ब्रुकलिन संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं निराळें गणित मांडलें. १९४५ सालीं त्यांनीं कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णी खेळाडूंच्या संघांतून जॅकी रॉबिन्सन यांस उचललें, एक वर्ष माँट्रिअलला खेळविलें आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या मैदानावर उतरविलें. वेतन ५,००० डॉलर. ब्रुकलिनचें मैदान आदल्या वर्षींहि भरतच होतें. गर्दी वाढली ती विशेषतः हा संघ परगांवीं जाई तेथें. नॅशनल लीगचे प्रेक्षक एका वर्षांत ८९ लाखांवरून एक कोटी तीन लाखांवर गेले. मोनार्क्सना मात्र रिकींनीं एक डॉलरहि दिला नाहीं. त्यांचे करार पक्के नाहींत, ही सबब. पूजा आपण करावी आणि फुलें शेजाऱ्याच्या परड्यांतून न विचारतां आणावीं, त्यांतलाच हा प्रकार.

याचा फटका कोणास बसला, तें न्यूअर्क ईगल्स या संघाच्या चालक एफा मॅनले बाईंच्या हकीकतीवरून कळतें. १९४६ सालीं त्यांचा संघ अजिंक्य ठरला. प्रेक्षक आले सुमारें १,२०,०००. पुढील वर्षीं ५७,००० आणि १९४८ सालीं ३५,०००. त्यांचेंच गिऱ्हाईक रॉबिन्सन यांस पाहावयास जाऊं लागलें होतें, आणि त्याला दोष तरी कोण देणार? लॅरी डोबी यांच्याबद्दल क्लीव्हलंडनें १५,००० डॉलर मोजले, एवढाच काय तो आधार. १९४८ च्या अखेरीस निग्रो नॅशनल लीग मोडली.

माँटी अर्विन यांसहि रिकी असेच फुकट नेऊं लागले, तेव्हां मात्र बाई कायद्याची भाषा बोलल्या. रिकींनीं नाद सोडला, आणि १९४९ सालीं न्यूयॉर्क जायंट्सनीं अर्विन यांच्यासाठीं ५,००० डॉलर भरले. तोंवर ईगल्स संघ मॅनले बाईंच्या हातून विकला गेला होता.